झाकल्या मुठीचं मोड्यूल

‘‘टाइपस्क्रिप्टमध्ये टाइप नसलेलं जावास्क्रिप्टचं मोड्यूल आणायला एवढी रडारड कशाला? ‘डिक्लेअर मोड्यूल’ची एक ओळ टाका, कंपायलर गप्प बसतो,’’ असा उपदेश रत्नागिरीतले आमचे एक व्यवसायबंधू भेटेल त्या नवशिक्याला करतात. त्यांचे मुद्दे चार: लायब्ररी वर्षानुवर्षं चालते आहे, टाइप शेवटी पुसलेच जातात, अर्धवट टाइपांपेक्षा नसलेले बरे, आणि काम उद्या द्यायचं आहे.

लायब्ररी चालते, मान्य. तुम्ही ती नीट वापरता का, हा प्रश्न आहे. टाइप पुसले जातात खरे, पण चूक पकडायची ती त्याआधीच. अर्धवट टाइप जिथे संपतात तिथे कंपायलर निदान ओरडतो. चौथ्या मुद्द्याला उत्तर नाही. त्यांचं काम कायम उद्याच द्यायचं असतं.

खरी गोम त्या एका ओळीत आहे. तिने अख्खं मोड्यूल ‘एनी’, म्हणजे टाइपच्या तपासणीतून मोकळं, होतं, आणि एनी जागच्या जागी राहत नाही. समजा, आंबा व्यापाऱ्याची ऑर्डरची फाइल वाचायला असं मोड्यूल आणलं. फाइलीतले पेट्यांचे आकडे मजकूर म्हणून आले. पेट्या गुणिले दर केलं, तर जावास्क्रिप्ट मजकुराचा आकडा करून घेते, बिल चोख. मग एकूण पेट्यांची बेरीज शून्यापासून सुरू केली. ३ आणि २ पेट्या मिळून झाल्या ‘०३२’! फंक्शनवर ‘नंबर परत मिळेल’ अशी पाटी लावलेली, तरी एनी तिच्याखालून सुखरूप निसटला. बिल बरोबर म्हणून सगळे खूश, आणि ट्रकमध्ये जागा मात्र बत्तीस पेट्यांची. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. कंपायलरपुढे ती उघडावीच लागते.

‘‘भाषेनंच सवलत दिली आहे,’’ हे त्यांचं हुकमी पान. दिली आहे, २०१६ च्या २.१ आवृत्तीपासून टाइप नसलेलं मोड्यूल ती ओळ नसतानाही मुकाट्याने एनी होतं. पण ‘नोइम्प्लिसिटएनी’ हा पर्याय चालू असेल तर कंपायलर आजही अडवतो, हे सांगायला ते विसरतात. हेच गृहस्थ पूर्वी म्हणत, टेस्ट असताना टाइप कशाला? पुढे म्हणू लागले, टाइप असताना टेस्ट कशाला? दोन्ही वेळा वाचले ते त्यांचे कष्ट.

मग करावं काय? आधी ‘डेफिनिटलीटाइप्ड’मध्ये तयार टाइप शोधा. नसतील तर जी दोन-तीन फंक्शनं वापरता, तेवढ्यांचीच डिक्लरेशन फाइल लिहा. मोड्यूल एकाच फाइलीतून आत घ्या. त्यातून येणारा ऐवज २०१८ च्या ३.० आवृत्तीत आलेला ‘अननोन’ माना. तपासल्याशिवाय त्याची बेरीज कंपायलर करूच देत नाही.

एवढं करूनही ती एक ओळ लिहायचीच असेल, तर वर कॉमेंटीत आपलं नाव घाला. पुढे बिल कुणाच्या नावावर फाडायचं, ते तरी कळेल.