ईदची नखं आणि बंद दार

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की आमच्या मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या बाजूला रात्री पाय ठेवायला जागा नसते. शेवया, अत्तर, बांगड्या, चपला, मेंदीचे कोन. गेली काही वर्षं पाडवा आणि ईद एकमेकांना खेटून येतात, त्यामुळे गिऱ्हाईकही दोन्हीकडचं. एका हातात साखरेच्या गाठीची माळ नि दुसऱ्या हातात खजुराचा पुडा, असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

या गर्दीत अलीकडे एक नवा माल दिसतो. पुठ्ठ्यावर ओळीनं लावलेली प्लास्टिकची नखं, सोबत गोंदाची इवलीशी नळी. आणि काचेच्या कपाटात जरा महागातला डबा: नखांच्या टिपा, जेलच्या बाटल्या, कानस आणि मुठीएवढा दिवा. पार्लरमध्ये दीड-दोन हजार मोजायचे ते काम पाचसातशे रुपयांत घरच्या घरी. माझ्या भाचीनं गेल्या ईदला हाच डबा आणला होता.

ती दाताच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार, नटायची हौस असलेली. तिनं मला नखं दाखवली, ‘‘खाला, बघा ना, कशी झालीत?’’ मी बघितलं आणि सवयीनं बोलून गेले, ‘‘छान आहेत, पण वजू कसा करणार? नमाज व्हायची नाही.’’ ती गप्प झाली. त्यानंतर तिनं मला नखं दाखवली नाहीत. लावणं मात्र बंद झालं नव्हतं, खोलीचं दार लावून चालू होतं.

माझ्या बिगरमुस्लिम वाचकांसाठी दोन ओळी. नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याला वजू म्हणतात आणि त्यात पाणी नखांपर्यंत पोहोचावं लागतं. मेंदीला हरकत नाही, कारण तिचा फक्त रंग चढतो, थर बसत नाही. नेलपॉलिशचा थर बसतो, म्हणून ते काढावं लागतं. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीनं हवा-पाणी आत जाऊ देणारं नेलपॉलिश काढलं तेव्हा मुस्लिम बायकांमध्ये त्याची केवढी चर्चा झाली होती! त्यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. पण प्लास्टिकच्या किंवा जेलच्या नखाबद्दल वाद व्हायचं कारणच नाही. त्यातून पाणी जात नाही, हे कुणालाही दिसतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही बायका आपापसांतही हळू आवाजात बोलतो. पाळीच्या दिवसांत नमाज आणि रोजा माफ असतो. त्यामुळे बऱ्याच मुली हौस त्या दिवसांत भागवून घेतात. पण रमजानात कुणाच्या बोटांवर रंगीत नखं दिसली की घरातल्या पुरुषांसकट सगळ्यांना तिची तारीख कळते. मग मुलगी काय करणार? दार लावणार. रात्री, पंखा बंद करून (वाऱ्यानं कानशीची धूळ उडते), मोबाइलच्या उजेडात.

माझी तक्रार या बंद दाराबद्दल आहे. आम्ही मोठ्यांनी ‘चालत नाही’ एवढं म्हणून हात झटकले. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, ‘स्वयंपाक कोण करणार’, ‘कॉलेजात काय म्हणतील’. परिणाम तोच. त्या डब्यात काय आहे, ते बोटांवर कसं लागतंय, हे बघायला घरातलं कुणीच जवळ नव्हतं.

डब्यात काय असतं ते मी आता शिकले आहे. नखाचं जेल हे अ‍ॅक्रिलेट जातीच्या रसायनांचं असतं. बाटलीत त्याचे कण सुटे असतात, दिव्याचा उजेड पडला की ते एकमेकांना धरून कडक होतात. नीट कडक झालेलं जेल सहसा त्रास देत नाही. खरा धोका ओल्या, अर्धवट सुकलेल्या जेलचा. घरचा दिवा कमजोर असतो, किंवा एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा दिवा. थर जाड झालेला असतो. उजव्या हातानं डाव्याला बरं जमतं, पण डाव्या हातानं उजव्याला लावताना जेल हमखास कडेच्या कातडीवर उतरतं. एकदोनदा काही होत नाही, म्हणून भीड चेपते. मग एखाद्या महिन्यात बोटांची टोकं खाजायला लागतात, लाल होतात, फुटतात. नखं मांसापासून सुटतात. तेच हात डोळ्यांना लागून पापण्याही सुजतात.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच घरगुती डब्यांबद्दल इशारा दिला होता. यातलं सर्वांत कुप्रसिद्ध रसायन ‘हेमा’. युरोपीय संघानं २०२० मध्ये नियम केला की हेमा असलेला नखांचा माल फक्त व्यावसायिकांनीच वापरावा आणि पाकिटावर तसं छापावं. अमेरिकेत तर १९७० च्या दशकातच नखांच्या दुसऱ्या एका रसायनाविरुद्ध, एमएमएविरुद्ध, सरकारी खातं कोर्टात गेलं होतं. आमच्या बाजारातल्या डब्यावर मी भिंग घेऊन शोधलं. चकाकत्या बोटांचं चित्र होतं. आत काय आहे ते कुठंच नव्हतं.

भाचीला शाबानच्या महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी झाली. निदान आलं, अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘शिकतेस काय?’’ तिनं सांगितलं आणि ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. दातात सिमेंट भरताना जो चिकटवणारा थर लावतात त्यात हेच हेमा असतं. कवळीचं गुलाबी प्लास्टिक अ‍ॅक्रिलचं. ही रसायनं साध्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातात. अभ्यासक्रम सोडावा लागेल असं कुणी म्हटलेलं नाही. वेगळे मोजे, वस्तूला हात न लावता काम करायची पद्धत, असे मार्ग आहेत म्हणे. पण जी मुलगी बारावीला रात्र रात्र जागली, तिचं पुढचं सगळं आता या ‘म्हणे’वर आहे.

त्या ईदला मी नमाजेबद्दल बोलले ते चूक नव्हतं. पण तिथंच थांबले. तिची बोटं हातात घेऊन, कडेला जेल लागलंय का, एवढं जरी पाहिलं असतं!

म्हणून मला वाटतं, लावायचीच असतील तर मुलींनी नखं चारचौघांत लावावीत. आणि जेल, पॉलीजेल, पावडर-लिक्विड हे घरी नकोच. ती हौस असेल तर शिकलेल्या हाताकडून करून घ्यावी, आणि तिथंही जेल कातडीला लागू देऊ नका असं न लाजता सांगावं. घरी फार तर तयार नखं. ती चिकटवायला नळीतला गोंद नको, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पारदर्शक पट्ट्या मिळतात त्या घ्याव्यात. नळीतला गोंद म्हणजे आपल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचाच भाऊ. तो सुती कापडावर सांडला तर कापड एवढं तापतं की कातडी भाजते. ईदचा नवाकोरा सुती कुर्ता घालून मांडीवर नळी उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पट्टीचं नख कोमट साबणपाण्यात बोटं बुडवली की सुटतं. सकाळी वजू करून नखं लावली तर तो वजू टिकेपर्यंत नमाज होते असं सर्वसाधारणपणे सांगतात, आणि जोहरच्या आधी काढून टाकता येतात. ओढून मात्र काढू नयेत, खऱ्या नखाचा पापुद्रा सोबत येतो. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळाशी बिघडलेलं नख टोकापर्यंत बदलायला सहा महिने लागतात, म्हणजे बकरीदही उलटून जाते.

आणि ही नखं घालून शिरखुर्म्याच्या पातेल्याशी जाऊ नये. प्लास्टिकच ते, गॅसजवळ पेट घेतं. टोक उचकटलेलं असेल तर आत पाणी साचून जंतू वाढतात, खालचं नख हिरवट पडतं.

कुणी म्हणेल, रमजानच्या पानावर नखांच्या गोष्टी कसल्या? पण नखं वेळच्या वेळी कापावीत, चाळीस दिवसांवर जाऊ देऊ नयेत, हे हदीसमध्येच आहे. आमच्या धर्माला नखांचं वावडं कधीच नव्हतं. घरातल्या मुलींशी बोलायचंच आम्हाला अवघड जातं.

यंदा चाँदरातीला आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायचं ठरलंय. शेजारच्या कुलकर्णीवहिनींच्या दोघी मुलीही येणार आहेत, पट्ट्यांचं पाकीट त्याच आणणार. भाचीला पट्टीसुद्धा चालणार नाही, तिचा चिकटपणाही अ‍ॅक्रिलचाच असू शकतो. ती मेंदी काढेल. पानं वाटून केलेली, तांबडी मेंदी. बाजारातली ‘काळी मेंदी’ नको म्हणून तिनं स्वतःच सगळ्यांना बजावलंय, त्यात केस काळे करायचं रसायन मिसळतात आणि त्यानंही कातडी भाजून निघते. परवा इफ्तारनंतर कोन भरायची तयारी करत होती. बोटांची टोकं अजून गुलाबी आहेत, दोन नखं अर्धीच उगवलीत. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिनं या वेळी हात मागे घेतला नाही.