आधी वही, मग किल्ली

सावेडी, केडगाव, पाइपलाइन रोड. नगरमध्ये (नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अजून नगरच आहे) चार पैसे शिल्लक पडले की माणूस फ्लॅट घेतो आणि भाड्याने देतो. निवृत्त शिक्षक असो की कांद्याला भाव मिळालेला शेतकरी, दोघांच्याही मनात एकच असते : बसल्या जागी उत्पन्न. पण भाडे हा धंदा आहे, आणि धंद्याला वही लागते.

समजा, फ्लॅट 30 लाखांचा आणि भाडे महिना 9,000 रुपये. वर्षाचे झाले 1,08,000. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर कुलूप, शिवाय घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, रंग, गळका नळ. हे सगळे काढले की हातात जेमतेम 80,000 उरतात, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. बँकेतली मुदत ठेव याच्या दुप्पट देते. त्यातच 24 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल, तर हप्ता 20,800 च्या घरात जातो. म्हणजे भाडेकरू हप्ता फेडतो हा भ्रमच; निम्म्याहून जास्त हप्ता मालकच भरतो. उद्या जागेचा भाव वाढेल ही आशा खरी ठरेलही, पण तिला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीच्या आसपास गणित वेगळे पडते. वडिलोपार्जित जागेवर 12 लाखांत पाच खोल्या बांधून प्रत्येकी 3,000 भाडे घेतले, तर वर्षाला 1,80,000 येतात, बांधकाम खर्चाच्या पंधरा टक्के. मात्र जागेची किंमत यात धरलेली नाही, आणि कारखान्याची पाळी कमी झाली की खोल्याही रिकाम्या होतात.

रिकाम्या खोलीचा धडा शिर्डीइतका कुणी शिकला नसेल. कोरोनामुळे 17 मार्च 2020 ला साईबाबांचे समाधी मंदिर बंद झाले, ते 16 नोव्हेंबरला उघडले. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते थेट 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेपर्यंत. गिऱ्हाईक नाही म्हणून कर्जाचे व्याज थांबत नाही. म्हणून सहा महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवल्याशिवाय या धंद्यात उतरू नये.

गंमत अशी, की आयकर खाते याला धंदा मानायला तयार नाही. आर्थिक वर्ष 2024-25 पासून निवासी घराचे भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट घ्यायची. दुरुस्तीला त्याहून जास्त लागले, तर ते खिशातून.

सगळ्यात मोठे दुखणे मात्र कागदाचे. बाँड पेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, की झाले काम, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते, की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. तो अकरा महिन्यांचा असला तरी. ही जबाबदारी मालकाची. चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट पुढे आहे : नोंदवलेला कागद नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, आणि ते खोडून काढायचे ओझे मालकावर. याउलट घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नीट नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

वर सांगितलेल्या फ्लॅटच्या अशा कराराचे मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने काही शे रुपये होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. दुय्यम निबंधकाकडे खेटे घालायचीही गरज नाही. हे काम ऑनलाइन होते. पुढचा भाडेकरू सामानाचा टेम्पो घेऊन दारात येईल, तेव्हा आधी अंगठे उमटू द्या. किल्ली नंतर द्या.