निर्यात एकट्याची नसते

1994 साली मी कोल्हापुरात एका बँकेचा शाखाधिकारी होतो. शिवाजी उद्यमनगरातला एक पॅटर्नमेकर कर्जाचे प्रकरण घेऊन आला. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा माणूस. त्याला एक जुने मिलिंग मशीन घ्यायचे होते. तारण नव्हते आणि सारा हिशेब शाळेच्या वहीत. मी प्रकरण नामंजूर केले. त्याच आठवड्यात शिरोलीच्या एका फाउंड्रीला परदेशी ऑर्डरवर पॅकिंग क्रेडिट देऊन मी वरिष्ठांची शाबासकी मिळवली. दोन महिन्यांनी त्या फाउंड्रीचा माल वेळेवर निघाला नाही. कारण विचारले, तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, पॅटर्नच मिळाला नाही." पॅटर्न कोणाकडे अडला होता, हे वेगळे सांगायला नको.

नमुना वाळूत दाबून साचा तयार होतो, त्यात वितळलेले लोखंड ओततात, मग घासकाम, मशीनिंग, तपासणी. ही सगळी कामे एका छताखाली क्वचितच होतात. उसाचे चरक, ऑइल इंजिने आणि शेतीचे पंप बनवता बनवता कोल्हापुरात ही कारागिरी रुजली. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा तिचा पसारा वाढला. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने 1890 सालीच सांगून ठेवले होते, की एक धंदा एका ठिकाणी एकवटला की त्याचे कसब तिथल्या पोरांना नकळत येऊ लागते. परदेशी ग्राहकाने रेखाचित्रात बदल सुचवला, की शिरोलीचा मालक स्कूटर काढतो आणि तासाभरात पॅटर्नमेकरच्या दारात उभा राहतो. मजुरीतली बचत शेजारचा देशही करू शकतो. हा तास त्याला विकत घेता येत नाही.

पण शेजार दुधारी असतो. 2019 साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा एकाच ग्राहकवर्गावर विसंबलेली ही सगळी वसाहत एकदमच खाली बसली. शिवाय ग्राहक दर पाडून मागतो, तेव्हा शेजारीच शेजाऱ्याचा दर कापतो. त्या कपातीचा शेवटचा घाव बसतो तो जॉबवर्क करणाऱ्यावर.

त्याचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 सालीच झाला. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून अंमलात आली. तरतूद चांगलीच आहे. पण उद्या काम ज्याच्याकडून यायचे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोण धजावतो?

म्हणून मला वाटते, निर्यातीला सवलत देताना सरकारने आणि बँकांनी एवढे तरी विचारावे: तुमच्या जॉबवर्कवाल्याचे पैसे चुकते झाले का? ओतकामाची वापरलेली वाळू शुद्ध करण्यासाठी कोल्हापूरकर एकत्र येऊन सामायिक प्रकल्प उभारू शकतात. मग पॅटर्नमेकरांसाठी, मोजमाप-तपासणीसाठी सामायिक यंत्रे का नकोत?

मी आयुष्यभर एकेका कारखान्याचा ताळेबंद वाचला, वसाहतीचा कधीच वाचला नाही. निर्यातीच्या बिलावर नाव एकाचे असते. ते नाव पाहून मी सही केली, आणि ज्याच्या हातावर ते बिल उभे होते, त्याला दारातूनच परत पाठवले.