दुधाचे चीज, कष्टाचे चीज

कागल तालुक्यात ऊस आणि म्हैस ही दोन रोकड पिके आहेत, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पहाटे गावोगावच्या डेअरीवर किटल्यांची रांग लागते, फॅट मोजले जाते आणि दूध गाडीत चढून निघून जाते. कागलहून कोल्हापूरला जाताना वाटेतच गोकुळ शिरगाव लागते. ज्या 'गोकुळ' दूध संघाने मुंबईकरांना म्हशीच्या दुधाची चव लावली, त्याची स्थापना १९६३ सालची. म्हणजे दुधाचा धंदा आपल्याला नवा नाही.

आणि दुधाची पारखही नवी नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून घेणारा आणि तेथेच पेला रिकामा करणारा गिऱ्हाईक दुधातले पाणी जिभेने ओळखतो. पण त्याच गिऱ्हाइकापुढे चीज ठेवले की त्याची पारख संपते. किराणा दुकानात डबी, क्यूब नाही तर स्लाइस, एवढीच ओळख. "यात दुसरा कोणता प्रकार आहे?" असे विचारले तर दुकानदार "चीज म्हणजे चीज" असे सांगून मोकळा होतो. आमचा आक्षेप या उत्तराला आहे. कापडवाला कधी "कापड म्हणजे कापड" म्हणतो काय? अत्तरवाला "वास म्हणजे वास" म्हणाला तर त्याच्या दुकानात कोण चढेल?

प्रकार समजून घ्या

पनीर आपल्या ओळखीचे. दूध तापवून त्यात लिंबू किंवा दुसरे आम्ल घालून ते फाडले, निवळी काढून टाकली, दाबले की पनीर झाले. पनीर हा शब्द मूळचा फारसी. चीज बनवताना दूध फाडत नाहीत. कोमट दुधात विरजण आणि रेनेट नावाचे पाचक द्रव्य घालून ते घट्ट बसवतात, मग कापून निवळी काढतात. पुढे काय करायचे, यावर प्रकार ठरतो. घट्ट झालेला चोथा गरम पाण्यात मळून ओढला की मोझरेला. दाबून, मीठ लावून काही महिने मुरवला की चेडर किंवा गौडा. मिठाच्या पाण्यात ठेवला की फेटा. लोणचे मुरते तसेच चीज मुरते आणि मुरल्यावर त्याचा स्वभाव बदलतो. क्यूब किंवा स्लाइसमध्ये येते ते प्रोसेस चीज, म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात क्षार घालून पुन्हा साच्यात ओतलेले. ते वाईट नव्हे, टिकाऊ आहे. पण बाराखडीतले ते एकच अक्षर आहे.

आपल्या देशातही जुन्या चीजचा तोटा नाही. सुरतेचे पनीर टोपलीत घालून निवळीत बुडवून ठेवतात. नाव पनीरचे असले तरी ते रेनेटने बसवलेले मऊ चीजच. पारशी मंडळींनी ते मुंबईतही आवडते केले. हुगळीकाठच्या बंडेल गावाचे नाव लावणारे चीज पोर्तुगीजांच्या काळापासूनचे. त्याच्या लहान चकत्या खारट असतात, साध्या आणि धुरी दिलेल्या अशा दोन तऱ्हांच्या, आणि कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये विकल्या जातात. जम्मूच्या डोंगरात गुज्जर आणि बकरवाल हे आपले पशुपालक बांधव कलाडी बनवतात. ही चकती तव्यावर ठेवली की स्वतःच्याच तुपात तळली जाते, बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखी. या लोकांकडे ना मोठा कारखाना, ना जाहिरात. जनावर, हात आणि पिढ्यांचे ज्ञान एवढ्या भांडवलावर त्यांनी चव टिकवली.

आता आपल्या म्हशीकडे पाहा. इटलीच्या कंपानिया भागातील ज्या मोझरेलाचे जगभर नाव आहे, ती म्हशीच्या दुधाची. १९९६ साली युरोपात त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. गाईच्या सुमारे दहा लिटर दुधातून एक किलो चेडर निघते. म्हशीच्या दुधात फॅट आणि घन भाग जास्त, म्हणून ते कमी लागते. जे दूध आपण फॅटवर विकतो, त्याची दुसरीकडे एवढी किंमत होते, हे व्यापाऱ्याने निदान जाणून तरी घ्यावे.

माल कशाचा, हे आधी विचारा

आपल्या वाचकांच्या मनात एक रास्त प्रश्न असतो. रेनेट कशाचे? पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. काही परदेशी मालात डुकरापासून काढलेले द्रव्यही वापरले गेले आहे. पण आज बुरशीपासून तयार केलेले किंवा सूक्ष्मजीवांकडून आंबवून घेतलेले रेनेट सर्रास वापरात आहे. दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत १९९० साली परवानगी मिळाली. भारताच्या अन्न नियमांत तर चीजची व्याख्याच प्राणिज नसलेले रेनेट धरून केलेली आहे. पाकिटावर हिरवा ठिपका छापण्याची पद्धत आहे. तेव्हा ठिपका पाहावा, घटक वाचावेत. काही परदेशी चीज दारूने धुतलेले असते, काहींत मांसाचे तुकडे असतात, तिकडेही लक्ष असावे. धार्मिक बाबतीत ज्याने त्याने जाणकारांना विचारावे. पण माल कशाचा आहे हे गिऱ्हाइकाला खरे सांगणे, हे दुकानदाराचेच काम.

दुसरी गोष्ट याहून जवळची. पिझ्झा, सँडविच, फ्रँकीच्या गाड्यांवर जे पांढरे वितळलेले दिसते, ते दर वेळी चीज असतेच असे नाही. वनस्पती तेल, स्टार्च आणि दुधाची भुकटी यांपासून बनवलेला 'अ‍ॅनालॉग' नावाचा पदार्थ बाजारात मिळतो. तो स्वस्त पडतो. तो विकणे गुन्हा नाही. मात्र त्याला चीज म्हणून विकणे ही फसवणूक आहे आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. २०२३ साली अहमदनगरमध्ये एका बड्या बर्गर साखळीच्या दुकानावर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याच मुद्द्यावरून कारवाई केली. आपण खरेच चीज वापरतो, असे त्या साखळीने सांगितले, तरी पदार्थांची नावे बदलण्याची पाळी आलीच. एवढ्या मोठ्यांना ही झळ बसते, तर महामार्गावरच्या आपल्या लहान गाडीवाल्याचे काय होईल? तो बिचारा बहुतेक वेळा लबाड नसतो, अजाण असतो. घाऊक विक्रेत्याने दिलेला ठोकळा त्याने चीज समजून घेतलेला असतो. खरी मोझरेला एकदा नीट चाखली असती, तर हा ठोकळा तोंडात रबरासारखा चिवट आणि तेलकट लागतो, हे त्याला आपोआप कळले असते.

चाखावे कसे, विकावे कसे

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आधी चाखा, मग विका. कोल्हापूर-पुण्याला माल आणायला जाता, तेव्हा महिन्याला एक नवा प्रकार शंभर ग्रॅम घेऊन या. आपल्या राज्यातच मंचरला पराग कंपनीचे 'गो' चीज तयार होते. पुण्याच्या एबीसी फार्म्सने तर कितीतरी प्रकार इथल्या दुधातून करून दाखवले. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, गार चीजला चव लागत नाही. आधी सौम्य, मग उग्र असा क्रम ठेवा. घरच्या मंडळींना, पोराबाळांनाही द्या. गरम भाकरीवर किसलेले चेडर, खजुराबरोबर खारट फेटा, तव्यावर परतलेले सायप्रसचे हलुमी (हे वितळत नाही, भाजते), आणि आमच्या मते सगळ्यांत बहारदार म्हणजे मुरलेल्या गौडाच्या कापाबरोबर कोल्हापुरी गुळाचा खडा. परदेशी पदार्थाला आपल्या ताटात जागा अशीच मिळते.

आखाती देशांत नोकरी करून आलेल्या भावांना या गोष्टी नव्या नाहीत. क्राफ्टचा निळा डबा आणि पकची बरणी त्यांच्या सामानातून गावोगाव पोचली. नाब्लुस शहराच्या नावाचे नाबुलसी चीज घालून केलेला कुनाफा आता रमजानमध्ये मुंबईत मिळू लागला आहे. ही मंडळी आपली पहिली गिऱ्हाइके आणि पहिले सल्लागारही होऊ शकतात.

बेकरीवाल्यांनी तर वेळ दवडूच नये. भट्टी आहे, पाव आहे, खारी आहे. खऱ्या चीजचा पाव किंवा खारी आठवड्यातून एकदा, मोजकी काढावी आणि पाटीवर चीजचे नाव स्पष्ट लिहावे. किराणा दुकानदाराने एकदम पाच प्रकार भरू नयेत. दोन ठेवावेत, त्यांची तारीख पाहावी, फ्रिज बंद पडू देऊ नये, आणि एक लहान तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवण्याची दानत ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फायदाही गिऱ्हाइकापर्यंत पोचवावा.

"हे श्रीमंतांचे खाणे, आपल्याकडे कोण घेणार?" असे काही जण म्हणतील. किलोचा भाव ऐकला तर छाती दडपते हे खरे. पण काजू, केशर आपण किलोने घेतो काय? पन्नास ग्रॅमचे पुडके कोणालाही परवडते. चीजमध्ये मीठ आणि चरबी भरपूर असते, तेव्हा ते तसेही थोडेच खावे. थोडे, पण अस्सल.

फॅक्टऱ्यांतला कामगार, महामार्गावरचा प्रवासी, कॉलेजची मुले ही सगळी गिऱ्हाइके कागलमधूनच जातात आणि चीज खातातच. ते त्यांना कोण देणार आणि कसले देणार, एवढाच प्रश्न आहे. मराठीत 'चीज होणे' म्हणजे मोल मिळणे. दुधाचे चीज कसे होते हे ज्याने चाखून ओळखले, त्याच्या कष्टाचेही चीज होईल. न ओळखता विकणाऱ्याच्या गल्ल्यात चार पैसे येतील, पण गिऱ्हाईक एकदा फसले की दुसऱ्यांदा पायरी चढत नाही.