चोरांची वर्दळ आणि कुलपाचा दोष

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला जमलेल्या मंडळींत एक वाद निघाला. घरात नवा संगणक घ्यायचा होता. माझा एक भाचा या विषयातला जाणकार म्हणून घरात मान्यता पावलेला आहे. करंजी मोडता मोडता तो म्हणाला, "मामा, फार लोक वापरतात ती प्रणाली घेऊच नका. गर्दी तिथे खिसेकापू! थोडे लोक वापरतात ती घ्या. तिच्याकडे चोर फिरकतच नाहीत." सर्वांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. परंतु तेच म्हणणे वर्षभर निरनिराळ्या तोंडांतून ऐकल्यावर आता गप्प बसणे मला बरे वाटत नाही. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच शहाण्या माणसांनाही फसवते.

त्यातले खरे ते प्रथम मान्य करतो. संगणकाचा सारा कारभार जी मूळ प्रणाली चालवते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिच्यात फट शोधायला चोरालाही वेळ आणि बुद्धी खर्चावी लागते. तेव्हा लाखो घरांत जी फट सारखीच सापडेल, तिच्याच मागे तो लागणार. लोकप्रियतेने हल्ले वाढतात, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो पुढच्या उडीशी. हल्ले वाढले म्हणून प्रणालीच कच्ची ठरली, असे म्हणणे म्हणजे दारावरून जाणाऱ्यांची डोकी मोजून कुलपाची पारख करण्यासारखे आहे.

गर्दी हेच खरे कारण असते, तर २००१ सालची हकीकत घडलीच नसती. त्या वर्षी जगातील निम्म्याहून अधिक संकेतस्थळे 'अपाची' या सर्व्हरवर चालत होती. मायक्रोसॉफ्टचा 'आयआयएस' बराच मागे होता. सर्व्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण न्याय दोघांना एकच. १९ जुलैला 'कोड रेड' नावाचा किडा फैलावला तो आयआयएसमध्ये, आणि १४ तासांच्या आत त्याने साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे ग्रासली. गर्दी एका आळीत आणि दरोडा दुसऱ्या आळीत! शिवाय ती फट बुजवणारी दुरुस्ती महिनाभर आधीच उपलब्ध होती.

आता प्रणालींकडेच वळू. २००१ साली निघालेल्या विंडोज एक्सपीत बाहेरचा आगंतुक अडवणारी फायरवॉल होती. पण ती बंद ठेवून दिलेली असे. जणू दाराला अडसर करावा आणि माळ्यावर टाकून द्यावा! ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा किडा अशाच उघड्या दारांतून घरोघर शिरला. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर हाच अडसर मुळातच लावून मिळू लागला. त्या दिवशी एक्सपीची लोकप्रियता काही घटली नव्हती. सुधारला तो दरवाजा.

आणि ज्यांच्याकडे गर्दी नव्हती, ते तरी सुखी होते काय? २०१२ साली ॲपलचे मॅक विंडोजच्या मानाने फार थोड्या घरांत होते. 'मॅकला व्हायरस लागत नाही,' हे वाक्य सुभाषितासारखे फेकले जाई. त्याच वर्षी 'फ्लॅशबॅक'ने सुमारे ६ लाख मॅक बाधित केले. फट होती जावा या आज्ञावलीतली. ओरॅकलने ती फेब्रुवारीत बुजवली. मॅकसाठी ॲपलची दुरुस्ती आली एप्रिलमध्ये. मधले आठवडे चोराला पुरेसे झाले.

या युक्तिवादाची मला चीड येते ती यासाठी की, तो दोन्हीकडच्या आळसाला पांघरूण घालतो. कारखानदार म्हणतो, "आमचा माल एवढा खपतो, त्याची ही किंमत." आणि गिऱ्हाईक म्हणते, "आमचा माल कुणी वापरत नाही, आम्हांला काय भीती?" एकाने दार नीट करायचे नाही, दुसऱ्याने ते लावायचे नाही! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील संगणक बंद पाडले, तेव्हा हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्या फटीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती ज्या यंत्रांवर वेळीच बसवली गेली, त्यांत त्या फटीतून किडा शिरू शकला नाही. आणि ती यंत्रेही तितक्याच लोकप्रिय प्रणालीची होती!

हा प्रश्न परदेशचा नाही, आपल्या माजघरातला आहे. आपल्याकडचे बहुतेक मोबाइल अँड्रॉइडवर चालतात. त्याची लोकप्रियता मला भिववीत नाही. मला भीती वाटते ती आपल्या एका घरगुती रिवाजाची: मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईच्या हाती देतो. कंपनीने त्या फोनच्या दुरुस्त्या केव्हाच थांबवलेल्या असतात, आणि त्याच फोनवर आईच्या पेन्शनचे खाते असते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा आहे की, सुरक्षेच्या दुरुस्त्या निदान किती काळ मिळतील, हे उत्पादकाने जाहीर केलेच पाहिजे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आपण दुकानदाराला दहादा विचारतो, "दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत?" हे एकदा तरी विचारतो काय?

संगणक आम्ही अखेर लोकप्रिय प्रणालीचाच घेतला, आणि त्याच्या दुरुस्त्या आल्या त्या आठवड्यात बसवायच्या असा घरात नियम केला. भाचा यंदाही फराळाला येईल. करंजी त्याला अवश्य मिळेल; पण त्याआधी मी त्याच्या आजीचा फोन त्याच्या हाती देणार आहे, आणि म्हणणार आहे, "बाबा रे, चोर किती फिरतात ते राहू दे. याची शेवटची दुरुस्ती कधीची आहे, तेवढे पाहून सांग."