विश्लेषण : सहा दिवस उभी गाडी, सातव्या दिवशी ‘टक-टक’… छोट्या कारची बॅटरी का बसते?

टेंभी नाका, नौपाडा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गाडी असूनही ती आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी असते. नोकरी लोकलच्या भरवशावर, गाडी रविवारसाठी. नेमक्या रविवारी सकाळी सगळे कुटुंब गाडीत बसते, किल्ली फिरवली की फक्त ‘टक-टक’ आवाज येतो. ‘गाडी वापरतच नाही, मग बॅटरी खराब कशी झाली?’ असा प्रश्न पडतो. बॅटरी खराब होण्याचे कारण अनेकदा तो न वापरणेच असते.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

छोट्या पेट्रोल कारमध्ये साधारण ३५ अँपिअर-तास क्षमतेची, १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. गाडी कुलूपबंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ आणि संगणकीय यंत्रणा थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास वीज जाते. म्हणजे दोन आठवड्यांत सुमारे ४० टक्के साठा संपतो. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर जोडलेला असेल, तर हा वेग आणखी वाढतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक गाड्या सुरूच झाल्या नाहीत, त्यामागे हेच गणित होते.

एकदा उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज केली की पुरे ना?

नाही. बॅटरी कमी चार्जवर पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. हे स्फटिक नंतर पूर्णपणे निघत नाहीत, त्यामुळे क्षमता कायमची घटते. प्रत्येक वेळी ‘बसलेली’ बॅटरी आयुष्याचा एक तुकडा घेऊन जाते. दुसरा शत्रू उष्णता. बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले, की आयुष्य निम्म्यावर येते असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे आपल्याकडे तीन ते पाच वर्षे ही सर्वसाधारण अपेक्षा ठेवावी.

टेंभी नाका ते स्टेशन रोजचा फेरा पुरतो का?

जेमतेम एक-दीड किलोमीटरचे अंतर, त्यात कोंडी. इंजिन संथ फिरत असताना अल्टरनेटर कमी वीज तयार करतो आणि एसी, दिवे, वायपर ती लगेच वापरतात. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी शेवटचा २० टक्के चार्ज फार सावकाश घेते. त्यामुळे जागेवर दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवणे म्हणजे इंधन वाया घालवणे. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, भल्या सकाळी, घोडबंदर रस्ता किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर ३०-४० मिनिटे सलग गाडी चालवावी. महिनाभर बाहेरगावी जायचे असल्यास ऋण टोकाची वायर काढून ठेवावी. काढताना आधी ऋण, जोडताना आधी धन, हा क्रम पाळावा.

देखभाल काय करावी?

टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर खायचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने स्वच्छ करावी, पुसून व्हॅसलीन लावावे. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे किंवा बाटलीबंद पाणी चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरनेही बरेच कळते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मा. १२ च्या खाली बॅटरी रिकामी समजावी. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील, तर दोष अल्टरनेटरमध्ये असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी बसवली, तरी तीही बसेल. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी.

नवी बॅटरी कशी निवडावी?

गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. ‘३८बी२०एल’ अशा खुणेत ३८ म्हणजे ताकदीचा दर्जा, बी म्हणजे आकाराचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमधील लांबी आणि एल म्हणजे टोकांची बाजू. बाजू चुकली तर वायर पोहोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकार लागतो. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी लवकर निकामी होते. उत्पादनाचा महिना पाहावा, कारण दुकानात पडून असलेली बॅटरीही उतरत असते. वॉरंटीचे महिने मोजताना मोफत बदलून देण्याचा काळ आणि केवळ सवलतीचा काळ वेगळा विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे टेंभी नाक्यावर घट बसले त्याच दिवसापासून, या बॅटऱ्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर दर तपासावा. विजेवर चालणाऱ्या गाडीतही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला का देऊ नये?

छोट्या गाडीची बॅटरी साधारण दहा किलोची आणि त्यातला मोठा वाटा शिशाचा. भंगारात गेलेली बॅटरी अनेकदा उघड्यावर फोडली जाते, आम्ल गटारात जाते आणि शिसे भट्टीत वितळवताना त्याची धूळ आसपासच्या वस्तीत पसरते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे आणि अशास्त्रीय पद्धतीने होणारे बॅटरी पुनर्चक्रीकरण हे त्याचे एक मोठे कारण. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि ते नुकसान भरून येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरीच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी ग्राहकाचीही आहे. अधिकृत विक्रेता जुनी बॅटरी घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो. भंगारवाला शंभर रुपये जास्त देत असेल, तर त्या शंभर रुपयांची किंमत कुठल्या तरी वस्तीतले मूल मोजते.