लघवीची नळी कधी काढावी?

‘अंग बाहेर येण्या’चा त्रास कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. लाजेपोटी घरातही बोलत नाहीत. शेवटी ऑपरेशन होते, ते नीट पार पडते आणि मग घरच्यांना वेगळीच काळजी लागते: लघवीची नळी अजून का काढली नाही? किंवा, इतक्या लवकर का काढली?

दोन्ही शंका रास्त आहेत. या ऑपरेशनमध्ये बहुधा मूत्राशयाखालचा सैल झालेला भाग आवळून शिवतात. तेथे सूज येते, टाके दुखतात, कमरेतून दिलेल्या भुलीचा अंमलही काही तास राहतो. त्यामुळे मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. ते ताणले जाऊ नये म्हणून नळी घालतात. पण नळी जितके दिवस राहील, तितका जंतूंचा शिरकाव वाढतो.

नेदरलँड्समध्ये सुमारे १०० स्त्रियांवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाची नळी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, दुसऱ्या गटाची पाचव्या दिवशी. लवकर काढलेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना नळी पुन्हा घालावी लागली, उशिरा काढलेल्यांपैकी ९ टक्के स्त्रियांना. मात्र लघवीत जंतू सापडले ते पहिल्या गटात अवघ्या ४ टक्के, तर दुसऱ्या गटात ४० टक्के स्त्रियांच्या.

म्हणूनच आता नळी लवकर काढण्याकडे कल आहे. ती पुन्हा घालावी लागली म्हणजे ऑपरेशन बिघडले असे मुळीच नव्हे. सूज उतरली की बहुतेकींना मोकळी लघवी होऊ लागते. ऑपरेशनच्या वेळी मूत्राशयाला इजा झाली असेल, तर मात्र नळी जास्त दिवस ठेवणेच योग्य.

नळी काढल्यावर लघवी किती झाली आणि आत किती उरली, हे मोजून घ्यावे. आनेकलसारख्या गावाहून बंगळुरूला ऑपरेशनसाठी गेलेल्या बाईने तर ही तपासणी झाल्याशिवाय घरी निघू नये. रात्री लघवी तुंबली, तर तेवढे अंतर पुन्हा कापावे लागते.

नळीसह घरी पाठवले असेल, तर पिशवी कमरेच्या खाली राहील अशी टांगावी, जमिनीवर ठेवू नये. नळी निघाल्यावर ओटीपोट फुगले, लघवी थेंबथेंब होऊ लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. कुंथून लघवी करू नये आणि संकोचापायी गप्पही बसू नये.